सव्वा व्होल्टाची पंगत

दुकानाची पायरी चढता चढताच "बापू, ह्यात दिवं किती पेटत्यात?" असं जो विचारतो, त्याला त्याच पायरीवरून खाली लोटावं असं मला रोज वाटतं. लोटत नाही. पायरी एकच आहे, त्याला काही लागणार नाही आणि माझी हौस फिटणार नाही.

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि बिघडलेले दुरुस्त करायचं दुकान आहे. या अंकाच्या संपादकांनी फोन केला, "बापू, धंद्यातल्या गमती लिहा. दिवाळी आहे, जरा प्रसन्न असू द्या." मी म्हटलं, लिहितो, पण प्रसन्नतेची जबाबदारी घेत नाही. लोकांच्या कॉम्प्युटरची पोटं उघडून जन्म गेल्यावर जो माणूस प्रसन्न राहतो, तो एक तर संत असतो, नाहीतर नुसता विकणारा. मी दुरुस्त करणारा आहे. माझा पारा कायम चढलेला असतो, आणि तो का चढतो ते एकदा छापून आलं म्हणजे दुकानात घसा कोरडा करायला नको.

माझी सगळी भांडणं एकाच गोष्टीवरून होतात. प्रोसेसरच्या जेवणावरून.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण हा मेंदू खातो काय, ते कुणी विचारत नाही. भिंतीतून येतात दोनशे तीस व्होल्ट. ते प्रोसेसरला तसेच दिले तर तो असा उडेल की धूर पन्हाळ्यावरून दिसेल. म्हणून कॅबिनेटात एक पत्र्याचा डबा असतो. एसएमपीएस. तो त्याचे बारा व्होल्ट करतो. लोकांना वाटतं, झालं काम. कुठलं झालं! प्रोसेसरला लागतो एक-सव्वा व्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलालाही तो दबून असतो. पण भूक? ट्रॅक्टरचा सेल्फ मारताना बॅटरीचा जीव जसा निघतो, तसा करंट हा बसल्या जागी ओढतो. आणि लहर अशी, की आत्ता डुलकी घेत होता, आत्ता पंचपक्वान्न मागतो, आणि पान वाढेपर्यंत परत घोरतो. तुमची पापणी एकदा लवते तेवढ्यात त्याच्या अशा शेकडो लहरी होऊन जातात. त्यात सव्वाचा एक झाला की भोवळ. सव्वाचे दोन झाले की तेरावा घाला.

मग एवढ्या लहरी जावयाला वाढतं कोण? मदरबोर्डावर प्रोसेसरला अगदी चिकटून काही बारके भाग रांगेत उभे असतात. त्यांना आम्ही फेज म्हणतो. वायरमनच्या फेजशी याचा काही संबंध नाही. हे वाढपी. पंगत डोळ्यांपुढं आणा. एक वाढपी वाढून मागं सरला की दुसरा हजर, तो सरला की तिसरा. चांगल्या बोर्डावर अशी आठ-दहा माणसं असतात, म्हणून कुणाला धाप लागत नाही. शिवाय शेजारी कपॅसिटर असतात. ती पानाजवळ भरून ठेवलेली कळशी समजा. वाढप्याला अर्धा क्षण उशीर झाला तर तेवढ्यात त्यातनं भागतं. स्वस्तातल्या बोर्डावर वाढपी तीन-चार. तेच पळणार, तेच वाढणार, तेच तापणार. चांगल्या बोर्डावर त्यांच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं खाचाखाचांचं ठोकळं बसवतात, उष्णता उडून जावी म्हणून. स्वस्त बोर्डावर तेही नसतं. वाढपी बोडक्या डोक्यानं उन्हात.

एवढंच माझं शास्त्र. हे ज्याला कळलं त्याला माझ्या धंद्यातलं सगळं कळलं. पण गिऱ्हाईक काय विचारतं? दिवं किती पेटत्यात!

आजऱ्याचे एक काजूवाले पाव्हणे होते. त्यांचा कॉम्प्युटर सारखा मरायचा. जाऊन बघतो तर प्लगची तिसरी पिन, ती जाड, अर्थिंगची, पक्कडीनं मोडून टाकलेली.

"का मोडली हो?"

"भिताडात दोनच भोकं हुती."

"अहो, मग डब्याला हात लावला की झटका बसत नाही काय?"

"बसतोय की! बारका. मुंग्या येत्यात. आमचं दिवाणजी रोज सकाळी गुडघा लावून बसत्यात त्येला. वात गेला त्यांचा."

दिवाणजी पुढं इतके ठणठणीत झाले की आंबोली घाट पळत चढले म्हणतात. प्रोसेसर मात्र मेला, आणि पाव्हण्यांनी मलाच विचारलं, "बापू, मेंदूच कसा हो खराब निघाला?" मी म्हटलं, कुणाचा ते सांगा आधी. तेव्हापासून त्यांचे काजू बंद झाले.

पण माझा खरा भडका उडाला तो शिरोळकडच्या एका कुस्तीच्या मैदानात. त्या गावांची नावं मी सांगणार नाही. नदीच्या अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव, एवढं पुरे. दोन्हीकडं माझी गिऱ्हाइकं आहेत, आणि दोन्हीकडं ऊस आहे, म्हणजे मारायला हत्यार बारमाही.

अलीकडच्या गावातला दिग्विजय, सगळे त्याला दिग्या म्हणतात, लग्नाचे आणि कुस्त्यांचे व्हिडिओ काढायचा. चार कॅमेरे लावून मैदानाची कुस्ती थेट मोबाईलवर दाखवायचा. पोरगा गुणी. अक्कल तेवढी कॅबिनेटच्या काचेत अडकलेली.

त्याच्या गावाच्या जत्रेत आदल्या साली शेवटच्या कुस्तीवरून राडा झाला होता. अलीकडचा पैलवान आणि पलीकडचा पैलवान एकदमच मातीत गेले. आधी पाठ कुणाची लागली? अलीकडचे म्हणाले त्याची, पलीकडचे म्हणाले ह्याची, आणि पंचाला विचारायच्या आत दगड सुटले. त्यातला एक लागला पलीकडच्या गावच्या जावयाला. म्हणजे दिग्याच्या दाजींना. त्याची थोरली बहीण सुनंदा तिकडं दिलेली. कपाळाला टाके पडले आणि दाजींनी सुनावलं: ज्या गावात खऱ्याला दगड मिळतो तिथं माझी बायको पाऊल टाकणार नाही. सुनंदा तेव्हा पोटुशी होती. बाळंतपणही सासरीच झालं. दिग्याच्या आईनं, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, नातवाचं तोंड बघितलं ते फोनवर. मधी नदी, तीही उन्हाळ्यात गुडघाभर. आक्काच्या परड्यातून लेकीच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, पण जायची चोरी.

पुढच्या जत्रेआधी दोन्ही गावची शहाणी माणसं बसली आणि ठरलं, की वाद झालाच तर दिग्याच्या कॅमेऱ्यात जे दिसेल ते खरं. मैदानात मोठा पडदा लावायचा आणि सगळ्यांसमक्ष सावकाश फिरवून दाखवायचं. दाजींनी निरोप धाडला, "कॅमेऱ्यात जे दिसंल ते गावानं मानलं, तर दुसऱ्या दिवशी मी सोता सुनंदाला आणून सोडतो."

म्हणून दिग्या माझ्या दुकानात आला. नवा जोरकस कॉम्प्युटर पाहिजे. चार कॅमेऱ्यांची चित्रं एका वेळी गिळून, परत सावकाश ओकून दाखवायची म्हणजे प्रोसेसरला बारा पैलवानांचा खुराक लागणार. मी त्याला बोर्ड काढून दाखवला. दहा वाढपी, डोक्यावर जाड ठोकळी, दिसायला बैलगाडीच्या आखासारखा, ओबडधोबड.

"ह्येला लाइट न्हाईत बापू," दिग्या म्हणाला.

"नाहीत."

"मग काचेतनं काय दिसणार?"

"अरे काचच कशाला पाहिजे? जठराला कुणी खिडकी ठेवतं काय?"

ऐकेल तर शपथ. त्यानं कुठनंतरी मोबाईलवरून माल मागवला आणि स्वतःच जोडला. मला हौसेनं फोटो धाडले. चारही बाजूंनी काच. प्रोसेसर भारी. त्याच्यावर पाणी फिरवून गार करायचं यंत्र, त्याच्या नळ्यांतसुद्धा दिवे. आणि ह्या सगळ्याच्या खाली बोर्ड? चार वाढपी, उघडी डोकी! त्यात त्या पाण्याच्या यंत्राचा एक खोडसाळपणा असतो तो कुणी सांगत नाही. साधा पंखा प्रोसेसरवर बसतो तेव्हा त्याचा उरलासुरला वारा शेजारच्या वाढप्यांना लागतो. पाण्याचं यंत्र बसवलं की प्रोसेसर गार आणि वाढपी कोंडलेले. नवरदेवाला एसी आणि आचाऱ्याला भट्टीत कोंबून वरनं दार बंद! फोनवर त्याला हे ओरडून सांगितलं तर म्हणतो, "बापू, झ्याक चालतंय की! या एकदा बघायला." दिव्यांच्या उजेडात म्हणे शेजारच्या कोंबड्या भरदुपारी अंडी घालायला लागल्या होत्या.

जत्रेदिवशी दुपारी फोन आला.

"बापू, मशीन बंद पडाय लागलंय. आपआप. बारक्या कुस्त्या चाल्ल्यात म्हणून बरं. मोठ्या कुस्तीला काय करू?"

आवाजात रडणं होतं. मी शिव्या दिल्या, दुकानाचं शटर ओढलं आणि गाडी काढली. शिव्या सांगलीरोडला लागेपर्यंत संपल्या नव्हत्या.

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर ते काचेचं देवघर झगमगत होतं. आणि पिवळं होतं. आतून बाहेरून पिवळं! मला आधी वाटलं हा नवीन लाइट. जवळ गेलो तर भंडारा. हळद!

"हे काय आहे?"

"सकाळी आखाड्याची पूजा झाली न्हवं," दिग्या म्हणाला. "तवा मशीनची बी केली. न्यायाचं मशीन हाय म्हणून समद्यांनी भंडारा उधळला."

"वरनं?"

"वरनं बी, आणि जिथं पंखं वडत्यात तिथं बी. आत जाताना लई ग्वाड दिसत हुता."

मी काच काढली. तापलेल्या वाढप्यांवर हळद बसून तिचा थर झालेला. उघडी डोकी, त्यावर हळदीची गोधडी! पाण्याच्या यंत्राच्या जाळीतही हळद, पंख्यांच्या पात्यांवर हळद. मी एका फेजला बोट लावलं. त्या बोटाचा ठसा रेशनच्या मशीनला आजतागायत लागत नाही. बोर्ड बिचारा शहाणा होता. माणसांपेक्षा शहाणा. वाढपी जळायला लागले की तो स्वतःच पंगत उठवायचा, म्हणजे मशीन बंद. गार झाले की परत चालू. तो जीव वाचवत होता आणि हे त्याला नवी हळद लावून परत बसवत होते.

"कॅमेऱ्यात वेगळं चित्रण राहतंय का रे? मशीन मेलं तरी तेवढं उरेल."

"त्यातली कार्डं लग्नाच्या कामावर पाठिवल्यात. म्हटलं, समदं मशीनमधीच हुतंय की."

तिथंच त्याला कुस्तीच्या हौद्यात नेऊन चीत करणार होतो. पण शेडच्या कोपऱ्यात आक्का उभी होती. ती म्हणाली, "बापू, त्येला मागनं हाना. आधी मशीन उभं करा. माज्या लेकीचं येनं हाय त्यात."

कामाला लागलो. दाढीचा नवा ब्रश जत्रेतल्या दुकानातून आणला आणि एकेका वाढप्याचं डोकं झाडलं. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची मधेच उसळी मारायची सवय बंद केली. प्रोसेसरला सांगितलं, पैलवान, आज चालायचं, पळायचं नाही. त्यानं खुराक कमी झाला. अजून कमी केला असता, पण मग चित्र अडखळायला लागलं, आणि अडखळत्या चित्रात पाठ लागली का नाही हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. म्हणजे खुराक ह्याहून कमी करता येत नव्हता आणि वाढपी ह्याहून जास्त पळू शकत नव्हते. एकच उपाय होता. त्यांना वारा घालणं. साधा पंखा पाहिजे.

अख्ख्या मैदानात उभा पंखा एकच. तो होता व्यासपीठावर, प्रमुख पाहुण्यांच्या तोंडासमोर. जत्रा कमिटीच्या अध्यक्षांना सगळे तात्या म्हणायचे. मी वर जाऊन तात्यांच्या कानात सांगितलं, पंखा द्या, नाहीतर न्यायाचं मशीन मरतंय.

"पाव्हण्यांना उकडतंय," तात्या म्हणाले.

"पाहुणे उकडून मरणार नाहीत. प्रोसेसर मरेल."

"बापू, मशीनला घाम येतोय व्हय? कायतरीच तुमचं!" आणि पाहुण्यांकडं बघून हसले. पाहुणेही हसले. त्यांच्या फेट्याचा शेमला पंख्यानं असा फडफडत होता की माझ्या तोंडावर येऊन लागला. राग म्हणजे काय ते मला त्या शेमल्यानं शिकवलं. दोन गावांचा शब्द एका डब्यात शिजतोय, आणि वारा कुणाला? जो काही न करता नुसता बसलाय त्याला!

खाली आलो. आक्कानं माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता बाहेर गेली. आली ती बुरुडाच्या दुकानातलं कोरं सूप घेऊन. काखेत घरचं एक जुनं लुगडं.

"कुठं घालायचा वारा, तेवढं दावा."

लुगडं आम्ही टेबलाभोवती चार बांबूंना बांधलं, म्हणजे उधळलेला भंडारा आत यायला नको. भंडारा देवाचा, तो कुणाला थांबवता येत नाही. वाट मात्र अडवता येते. त्या पडद्याच्या आत एका बाजूला दिग्या माऊस घेऊन, दुसऱ्या बाजूला आक्का सूप घेऊन, आणि मधी मी, आकडे बघत. मी तिला चार फेज दाखवल्या. "आक्का, हे चार वाढपी. ह्यांच्या डोक्यावर. मशीनच्या बाकीच्या नखऱ्याकडं बघायचं नाही."

"ह्ये व्हय? भाताच्या दान्याएवढं तर हायती."

आणि तिनं पाखडायला सुरुवात केली. जन्मभर सुपानं धान्य पाखडलेला हात तो. न थांबता, एका चालीत. मी पडद्यावरचा उष्णतेचा आकडा बघत होतो. चढत होता तो थबकला. मग एक एक पायरी खाली उतरला. एवढी कंपन्यांची यंत्रं बघितली, पण असा एकसारखा वारा देणारी कुठलीच बघितली नाही. त्या वाऱ्यानं शेजारच्या शेडमधली लहान मुलं झोपी गेली.

शेवटची कुस्ती लागली. हलगी कडाडली. अलीकडचा पैलवान म्हणजे नुसतं वीटभट्टीचं धुराडं, पलीकडचा सडपातळ, सापासारखा. वीसेक मिनिटं खडाखडीच चालली आणि प्रत्येक मिनिटाला माझा जीव कपॅसिटरसारखा भरत आणि रिकामा होत होता. आक्काचा हात जड झाला. मी म्हटलं, "द्या इकडं सूप." दोन फटक्यांत माझं मनगट गेलं आणि आकडा लगेच वर चढला. तिनं सूप हिसकावून घेतलं. "जावा तिकडं! वारा घालताय का माश्या हाकताय?"

तेवढ्यात पलीकडच्यानं ढाकेचा डाव टाकला. दोघं हवेत फिरले आणि धाडकन मातीत. पंच वाकला तेव्हा अलीकडचा पैलवान वर होता. अलीकडचं अख्खं गाव उठलं, "चीऽऽत!" पलीकडचेही उठले, "चीऽऽत!" दोघांचं चीत वेगवेगळ्या माणसाचं. पंचानं हात हलवले आणि पडद्याकडं बोट केलं. माणसं बसेनात. काहींनी खाली वाकून काय उचललं ते मी बघितलं.

दिग्यानं चित्र मागं घेतलं. मोठ्या पडद्यावर सोडायच्या आधी ते आमच्या बारक्या पडद्यावर दिसतं. सावकाश फिरवलं. ढाक बसली, अलीकडचा खाली गेला, त्याचे दोन्ही खांदे मातीत, स्वच्छ, लख्ख. मग तो गडी उसळी मारून वर आला. पंच वाकला तेव्हा कुस्ती होऊन गेलेली. अलीकडचं गाव हरलेलं होतं.

दिग्याचा हात माऊसवर तसाच राहिला.

लुगड्याचा पडदा बाजूला झाला आणि तात्या आत आले. त्यांनी एकदा पडद्यावर बघितलं, एकदा दिग्याकडं.

"मोठ्या पडद्यावर सोडू नगंस," ते हळू आवाजात म्हणाले. "सांग, मशीन बंद पडलं."

"तात्या, चालू हाय मशीन."

"दुपारपास्नं बंद पडतंय, समद्या गावानं बघितलंय. आनी एकदा पडलं म्हणून कोन इचारतंय? कुस्ती बरोबरीत सोडवू. गावाची अब्रू जातीय, खुळ्या."

मला काय झालं ते शब्दांत लिहिता येणार नाही, कारण ते शब्द संपादक छापणार नाहीत. जन्मभर मी एकाच गोष्टीसाठी लोकांशी भांडलो, की मशीन ऐन वेळी बंद पडू नये. ह्या माणसानं पंखा दिला नाही. आणि आता त्याला ते बंद पडायला पाहिजे होतं! आमच्या प्रत्येक बिघाडाची ह्यांना अशी सोय होते. वीज गेली, मशीन बसलं, लाइन मिळेना. खरं बोलायची पाळी आली की ह्यांच्या यंत्रांना बरोब्बर भोवळ येते. हे मी मोठ्यानं म्हणालो, जास्त वाईट शब्दांत.

तात्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते वाकले आणि त्यांचा हात टेबलाखालच्या बटणाकडं गेला.

फाट्!

सुपाचा काठ त्यांच्या मनगटावर बसला. आक्कानं उजव्या हातानं मारलं आणि त्याच झोक्यात वारा घालणं परत सुरू केलं.

"आक्का!" तात्या ओरडले. "गावाचं मीठ खातीस आनी—"

"मीठ माज्या घरचं हाय," आक्का म्हणाली. "त्या बटनाला हात लावून बघ परत. जल्मल्यापास्नं नातवाला फोनात बघतोय मी. फोनातलं पोरगं मांडीवर घेता येतंय व्हय रं? दिग्या, बघत काय बसलास? सोड!"

दिग्या मुंडी खाली घालून बसलेला. गावातच राहायचं होतं त्याला, गावाच्याच लग्नांवर जगायचं होतं. बाहेर ओरडा वाढत चालला. पलीकडच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "बंद पडलं वाटतं मशीन! ठावं हुतंच!" आणि चार-पाचजण फिदीफिदी हसले.

आक्कानं डाव्या हातानं लुगड्याचा पडदा वर केला आणि अशी ओरडली की हलगीवाला दचकला. "चालू हाय! मी सोता वारा घालतोय, बंद कसं पडंल? गप बसा आनी बघा!"

दिग्यानं बटण दाबलं.

मोठ्या पडद्यावर खांदे मातीला लागले. सावकाश. एकदा, आणि परत एकदा. हजारो माणसांचं ते मैदान, पण आक्काच्या सुपाचा आवाज मला ऐकू येत होता. मग पंचानं पलीकडच्या पैलवानाचा हात वर केला. एकही दगड सुटला नाही. ज्यांनी उचलले होते त्यांनी ते हळूच पायाशी सोडले, चप्पल नीट करतोय असं दाखवून. अलीकडचं गाव मात्र फेटे बांधायचा कार्यक्रम न बघताच उठून गेलं. जाताना एकजण आमच्या शेडजवळ थुंकला. तात्या मनगट चोळत म्हणाले, "फुडल्या सालापास्नं मैदानात क्यामेरा दिसता कामा न्हाय." आणि तसा ठराव झालाही. मशीन नीट चाललं म्हणून ते बंद करणारं गाव मी तेवढंच एक बघितलं. अजून बघायची खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेलो. तो आखासारखा बोर्ड घेऊन. प्रेमानं नाही, रागानं गेलो. चार वाढप्यांवर तो प्रोसेसर आणखी एक दिवस जेवताना मला बघवत नव्हतं. दिग्याच्या सोप्यात मांडी घालून जुना बोर्ड उपसत होतो आणि त्याला पोटभर बोलत होतो. तो ऐकून घेत होता. सकाळपासनं लग्नाची दोन कामं गेल्याचे फोन आले होते. ते त्यानं मला सांगितलं नाही, आक्कानं सांगितलं.

आत मटणाचा वास सुटलेला. जत्रेचा दुसरा दिवस म्हणजे खारी, मटणाची जत्रा. पण गावातलं दुसरं कुणी त्या दारात फिरकलं नव्हतं.

गाडी थांबल्याचा आवाज झाला. दाजी उतरले, कपाळावर टाक्यांची खूण. मागनं सुनंदा, कडेवर बाळ. उंबऱ्याबाहेर थांबली. लेक बाळ घेऊन पहिल्यांदा माहेरी आली की भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकल्याशिवाय आत घेत नाहीत. आक्का तांब्या आणि तुकडा घेऊन दाराशी गेली. उजवा हात उचलायला गेली आणि तो खांद्याच्या वर जाईना. रात्रीत सुजून दुधी भोपळ्यासारखा झालेला. तिनं परत प्रयत्न केला. तुकडा खाली पडला.

"आये, काय झालं हाताला?" सुनंदा रडकुंडीला आली.

"काय न्हाय. पाखडत हुतो जरा. दिग्या, ये हिकडं. तू ववाळ."

"मी? ते बायकांचं—"

"ये म्हणतोय न्हवं!"

दिग्या उठला. दुसरा तुकडा घेतला. दाजींकडं बघायचं टाळत त्यानं बहिणीवरून आणि भाच्यावरून हात फिरवला.

"उलटं फिरवतोयस रं," सुनंदा रडता रडता हसली.

त्यानं परत सुरुवात केली, सुलटं. तुकडा लांब फेकला. आक्कानं डावा हात पुढं केला आणि बाळ कडेवर घेतलं. बाळानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि फोनवर करायचं तसं एक बोट तिच्या गालावर ओढलं, चित्र सरकवल्यासारखं. चित्र सरकलं नाही. बाळ परत ओढू लागलं.